तांत्रिक पुस्तक दरवेळी त्याच प्रकरणात अडतं? दोष असा शोधा

जुनं तांत्रिक पुस्तक विकत घेताना मी आधी त्याची कड बघते. पुस्तक मिटून आडवं धरलं की पानांच्या कडेवर एक पट्टा दिसतो. पहिली ऐंशी-नव्वद पानं बोटांच्या मळानं काळपट झालेली असतात आणि तिथून पुढं कड एकदम पांढरी. सहाशे पानांचं पुस्तक, तीन-चार जणांच्या हातून गेलेलं, पहिल्या पानावर वेगवेगळ्या शाईत नावं आणि वर्षं. सगळे जण त्याच जागी थांबलेले. इलेक्ट्रिकल मशीन्स घ्या, थर्मोडायनामिक्स घ्या, सिग्नल्स घ्या, पट्टा साधारण तेवढाच.

सांगलीत विश्रामबागेत संध्याकाळी माझ्याकडं जी मुलंमुली बसतात, त्यांच्या पुस्तकांच्या कडाही अशाच. बहुतेक जण डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेले. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ, जत इथून एसटीनं येणारे, तर काही कुपवाडच्या एमआयडीसीत पहिली पाळी करून थेट वर्गावर येणारे. तक्रार जवळजवळ त्याच शब्दांत येते: "मॅडम, वाचताना कळल्यासारखं वाटतंय. दोन-तीन पानं गेली की काहीच कळत नाही. मग परत पहिल्यापासून सुरू करतो आणि परत तिथंच येऊन बसतो." आठवड्याभरात पुस्तक कपाटावर जातं. परीक्षा आली की झेरॉक्सच्या नोट्स येतात, पेपर कसाबसा निघतो. पुढच्या सेमिस्टरला त्याच विषयाचा दुसरा भाग समोर आला की पुन्हा तेच.

हे मी स्वतः भोगलेलं आहे. डिग्रीच्या पहिल्या दोन सेमिस्टरमध्ये मला पक्कं वाटायचं की माझं डोकंच या विषयाला कमी पडतं. रात्री पुस्तक समोर घेऊन रडले आहे. एकदा तर डिग्री सोडून परत दुकानात बसायचं ठरवलंही होतं. डोकं कमी पडत नव्हतं. दोष दुसरीकडं होता आणि तो शोधता येण्यासारखा होता. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पुन्हा पहिल्या पानावर जाऊ नका

आमचं तासगावला मोटार रिवाइंडिंगचं दुकान. शेतातली मोटार बंद पडून आली की आप्पा, म्हणजे माझे वडील, लगेच वायंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, उपसत नाहीत. आधी सहाही टोकं मोकळी करतात, टेस्ट लॅम्प लावून कुठला फेज तुटलाय ते बघतात, मग एकेक फेज बॉडीला तपासतात. बऱ्याचदा वायंडिंग धडधाकट असतं आणि टर्मिनलपाशी एखादं टोक जळलेलं निघतं. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की त्यांचं ठरलेलं वाक्य असतं: "आधी गाव तर कळू द्या, मग घर हुडकू."

पुस्तक अडलं की आपण नेमकं उलटं करतो. सगळं वायंडिंग उपसतो, म्हणजे पहिल्या पानापासून वाचायला घेतो. त्यानं काय होतं? पहिली पन्नास पानं पाचव्यांदा वाचून तोंडपाठ झाल्यासारखी होतात, त्यामुळं ती आणखी वेगानं वाचली जातात आणि जिथं खरा दोष आहे तिथून डोळे आणखी सहज घसरून पुढं जातात. वाक्य ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजेच कळणं असं आपण धरून चालतो. हा आजार वारंवार उलटण्याचं सगळ्यात मोठं कारण मला हेच दिसलं आहे.

त्याऐवजी टेस्ट लॅम्प लावा. माझ्याकडची पद्धत अशी: हातात पेन्सिल घ्यायची, जिथं अडलं असं वाटतंय त्याच्या दहा-बारा पानं मागं जायचं आणि एकेक वाक्य वाचायचं. प्रत्येक वाक्यानंतर मान वर करून ते वाक्य मराठीत, आपल्या शब्दांत, मोठ्यानं बोलायचं. घरात आई असेल तर आईला सांगायचं. तिला विषय कळण्याची गरज नाही, तुमची जीभ कुठं अडखळते तेवढं तिला बरोबर कळतं. ज्या पहिल्या वाक्याला जीभ अडखळली तिथं समासात एक आडवी रेघ मारायची आणि त्या दिवशी त्या रेघेच्या पुढं जायचं नाही.

गेल्या पावसाळ्यात पलूसकडचा एक मुलगा ९४ व्या पानावरचं टॉर्कचं, म्हणजे मोटार फिरवणाऱ्या जोराचं, समीकरण घेऊन आला होता. "हे एवढं समजावा, बाकी सगळं झालंय." त्याला ८० व्या पानापासून बोलायला लावलं. रेघ पडली ८१ व्या पानावर. मधली तेरा पानं तो न कळताच चालत आला होता आणि दोष मात्र समीकरणाला देत होता.

एकदा रेघ सापडली की काम निम्मं हलकं होतं. आता प्रश्न राहतो की त्या वाक्यात नेमकं काय बिघडलंय. माझ्या पाहण्यात मोजकेच प्रकार येतात.

छोट्या इंग्रजी शब्दांचा दोष

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना सगळे सांगतात की तुमचं इंग्रजी कच्चं आहे, तांत्रिक शब्द पाठ करा. पण फ्लक्स, टॉर्क, रोटर, इम्पिडन्स हे शब्द तर डिप्लोमात तीन वर्षं वापरून गुळगुळीत झालेले असतात. दगा देतात ते बारके शब्द. अनलेस, प्रोव्हायडेड, रिस्पेक्टिव्हली, हेन्स, निग्लेक्टिंग, लेट.

जतचा एक मुलगा एका वाक्यावर दोन दिवस बसून होता. वाक्याचा अर्थ असा होता की रोटरमधल्या, म्हणजे मोटारीच्या फिरणाऱ्या भागातल्या, करंटचा काही भाग फ्लक्सशी, म्हणजे चुंबकीय क्षेत्राशी, इन फेज (एका तालात) असल्याखेरीज टॉर्क शून्यच राहतो. त्यात 'अनलेस' होतं आणि त्यानं ते 'जर' असं वाचलं होतं. म्हणजे करंट इन फेज असला तर टॉर्क शून्य! वाक्य बरोबर उलटं झालं आणि पुढची आकृती त्याच्या वाचनाशी जुळेना. मुलगा हुशार. आकृतीवरून त्याला कळत होतं की काहीतरी चुकतंय. पण चूक एवढ्याशा शब्दात असेल हे मनातच आलं नव्हतं.

'निग्लेक्टिंग' हा आणखी एक. स्टेटरचा, म्हणजे मोटारीच्या स्थिर भागाचा, रेझिस्टन्स निग्लेक्ट केला असं एका ओळीत म्हटलेलं असतं, आणि पुढच्या समीकरणातून एक अक्षर नाहीसं होतं. ती ओळ नजरेतून सुटली की वाटतं, आपल्याला बीजगणित येत नाही. मी तिथं समासात लिहायला सांगते: "इथून पुढं हा शून्य धरला. खरा शून्य नाही." एवढ्या दोन वाक्यांनी पुढची चार पानं सुटतात.

यावरचा उपाय आपल्याकडं आधीपासून आहे आणि त्याची आठवण आपल्याला कुणी करून देत नाही. नववी-दहावीच्या भूमितीत आपण मराठीतून प्रमेयं लिहिली आहेत: पक्ष, साध्य, सिद्धता. समजा, अनुक्रमे, म्हणून, यावरून. तांत्रिक पुस्तकातल्या कुठल्याही अवघड पानाला हेच तीन प्रश्न विचारा. इथं पक्ष काय दिलाय, साध्य काय करायचंय, सिद्धता कुठल्या ओळीपासून सुरू होते? लेट म्हणजे समजा, रिस्पेक्टिव्हली म्हणजे अनुक्रमे, हेन्स म्हणजे म्हणून, अनलेस म्हणजे खेरीज. समासात पेन्सिलीनं मराठी शब्द लिहा. मराठी लिहिलं म्हणून पुस्तकाचा दर्जा कमी होत नाही. या सवयीबद्दल मला एका प्राध्यापकांनी वर्गात सगळ्यांसमोर बोल लावले होते. तरीही मी ती सोडली नाही आणि आज माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येकाला मी ती लावते.

गिळलेल्या पायरीचा दोष

सगळ्यात जास्त त्रास याचा, आणि वेळही याच्यावरच द्यायला हवा.

इंडक्शन मोटारीच्या प्रकरणात सिंक्रोनस स्पीडचं, म्हणजे मोटारीतलं चुंबकीय क्षेत्र ज्या वेगानं फिरतं त्याचं, सूत्र येतं: एकशे वीस गुणिले फ्रीक्वेन्सी, भागिले पोलची संख्या. ५० हर्ट्झ, ४ पोल, उत्तर १५०० आरपीएम. डिप्लोमाला हे मला झोपेतही म्हणता आलं असतं. डिग्रीच्या पुस्तकात त्याच्या जरा आधी वाक्य आलं की कॉइलच्या दोन बाजूंमध्ये १८० इलेक्ट्रिकल डिग्रीचं अंतर असतं. माझी रेघ तिथं पडली आणि दोन आठवडे हलली नाही.

कारण माझ्या हातांना वेगळंच ठाऊक होतं. शाळेच्या सुट्टीत मी आप्पांच्या हाताखाली बसायचे. ३६ खाचांचा, ४ पोलचा स्टेटर असला की आप्पा म्हणायचे, "एक-आठ, एक-दहा, एक-बारा." तीन कॉइलचा एक गट, एकात एक बसणारा. सगळ्यात लहान कॉइलची एक बाजू ज्या खाचेत, तिथून मोजत गेलं की आठव्या खाचेत तिची दुसरी बाजू. मधलीची दहाव्या, मोठीची बाराव्या. म्हणजे अंतरं सात, नऊ आणि अकरा खाचांची, सरासरी नऊ. आता ३६ खाचांतल्या नऊ खाचा म्हणजे वर्तुळाचा चौथा भाग, ९० डिग्री. आणि पुस्तक म्हणत होतं १८०. माझ्या दृष्टीनं दोन्हींतलं एक खोटं होतं, आणि कॉइल तर मी स्वतः घालून मोटार चालताना बघितलेली.

शेवटी एका रविवारी दुकानात आप्पांनाच विचारलं. इलेक्ट्रिकल डिग्री हा शब्द त्यांना माहीत नव्हता. ते हातातल्या स्टेटरमध्ये इन्सुलेशन पेपर सारत होते. मान वर न करता म्हणाले, "पोल किती हैत? चार. मग छत्तीसाचं चार भाग कर की. नऊ-नऊ आलं. एका भागात उत्तर, फुडच्यात दक्षिण, परत उत्तर, परत दक्षिण. कॉइलचा एक पाय उत्तरेत असला तर दुसरा दक्षिणेत पाहिजे. दोन्ही पाय एकाच पोलात पडलं तर मोटार हलायची न्हाई, पोरी."

मी तिथल्याच खाकी कागदावर लिहीत गेले. उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत अर्धं आवर्तन, म्हणजे १८० इलेक्ट्रिकल डिग्री. मग ४ पोलच्या मोटारीत स्टेटरभोवती एक फेरी मारली की उत्तर-दक्षिण अशा दोन जोड्या पार होतात, म्हणजे दोन आवर्तनं, ७२० इलेक्ट्रिकल डिग्री. एक खाच वर्तुळात १० डिग्रीची, पण विजेच्या हिशेबात २० डिग्रीची. नऊ खाचा म्हणजे १८०. पुस्तकही खरं, आप्पाही खरे.

त्याच कागदावर १२० चाही उलगडा झाला. एका सेकंदाला ५० आवर्तनं. पोलची एकच जोडी असेल तर एका आवर्तनात क्षेत्र पूर्ण एक फेरी फिरतं, सेकंदाला ५० फेऱ्या, मिनिटाला ३०००. जोड्या दोन असतील तर एका आवर्तनात अर्धीच फेरी, मिनिटाला १५००. म्हणजे ६० सेकंद, गुणिले फ्रीक्वेन्सी, भागिले पोलच्या जोड्या. पोलच्या जोड्या म्हणजे पोल भागिले दोन. तो खालचा दोन वर गेला आणि ६० चे १२० झाले. त्या १२० मध्ये मोटारीचं गूढ असं काही नव्हतं. मिनिटाचे सेकंद होते आणि जोडीतले दोन पोल होते.

दुकानाच्या दारात एक मोटार उभी होती, नेमप्लेटवर १४४० आरपीएम. हा आकडा मी लहानपणापासून शेकडो नेमप्लेटवर वाचला होता. त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं की तो १५०० पेक्षा ६० नं कमी आहे, ६० भागिले १५०० म्हणजे ०.०४, म्हणजे ४ टक्के स्लिप (रोटर क्षेत्राच्या जेवढा मागं पडतो तेवढी), आणि रोटरमधल्या करंटची फ्रीक्वेन्सी ५० च्या ४ टक्के, २ हर्ट्झ. पुढचं अख्खं प्रकरण मी त्या आठवड्यात संपवलं.

पुस्तकानं ही पायरी लपवली नव्हती. 'पी बाय टू' एवढ्या एका गुणकात ती गुंडाळलेली होती. लिहिणाऱ्यानं हा विषय वीस-तीस वर्षं शिकवलेला असतो. त्याच्या पायाखालची पायरी झिजून सपाट झालेली असते, त्याला ती पायरी म्हणून दिसतच नाही. 'इट कॅन बी इझिली शोन' असं लिहिताना तो तुम्हाला हिणवत नसतो. त्या 'इझिली'नं मी किती दुखावले जायचे! आता मी त्या शब्दाला खूण समजते: इथं अर्धं ते एक पान गणित गिळलेलं आहे, कोरा कागद काढा.

कोरा कागद काढून काय करायचं, तर आधी सूत्रात सगळ्यात लहान आकडे घालायचे. २ पोल, मग ४, मग ६. अक्षरांत जे दिसत नाही ते आकड्यांत दिसतं. आकृती असेल तर ती पुस्तकात न बघता काढायची. जी रेघ काढता येत नाही तिथं पायरी गिळलेली आहे. आणि तिसरं, त्या गोष्टीला हात लागेल अशी वस्तू शोधायची. सांगली जिल्ह्यात ती अवघड नाही. आपल्याकडं लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर कारखाना उभा केला, तिथली किर्लोस्करवाडी आजही पंप बनवते. कृष्णाकाठानं जावं तिकडं पंप आणि मोटारी आहेत. सेंट्रिफ्यूगल पंपाचं प्रकरण अडलेल्याला मी आधी विहिरीवर जाऊन फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाण्यातल्या पाइपच्या तळाची झडप, बघून यायला सांगते. पंप पाणी 'ओढतो' असं आपण म्हणतो, पण पाणी वर ढकलते ती हवा, आणि हवेच्या दाबाला समुद्रसपाटीवर सुद्धा साधारण १०.३ मीटरच्या वर पाण्याचा स्तंभ पेलवत नाही. विहिरीतलं पाणी खोल गेलं की पंप खाली उतरवावा लागतो हे शेतकऱ्याच्या पोरानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. सक्शन हेडचं, म्हणजे पंपाखाली पाणी किती खोल चालतं याचं, कलम त्याच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे, फक्त त्याला तसं कुणी सांगितलेलं नसतं.

मागची वीट निखळलेली

डायरेक्ट सेकंड इयरला येणाऱ्यांचं पहिल्या वर्षाचं गणित, एम-१ आणि एम-२, राहून गेलेलं असतं. पुस्तक मात्र ते झालंय असं धरून चालतं. रेघ जर गणिताच्या ओळीवर पडत असेल आणि आकृती, अर्थ वगैरे सगळं कळत असेल, तर दोष इथं आहे. एसी सर्किटमध्ये 'जे' आला आणि जीभ अडली तर कॉम्प्लेक्स नंबर, थर्मोडायनामिक्समध्ये पार्शल डेरिव्हेटिव्ह, फोरियरमध्ये बहुतेक वेळा इंटिग्रेशन बाय पार्ट्स.

मागं जा, पण तेवढ्याच कलमापुरतं. दोन संध्याकाळी, फार तर तीन. गणिताचं पुस्तक पहिल्या प्रकरणापासून काढून बसलात तर मूळ विषयाकडं परत यायला महिना लागतो. अशी मुलं मी पाहिली आहेत, चांगली कष्टाळू मुलं, जी मागं मागं जात अकरावीच्या त्रिकोणमितीपर्यंत पोचली आणि तिथंच राहिली.

पुस्तकच आपल्यासाठी नसेल तर

काही पुस्तकं दुसऱ्या वाचनासाठी असतात. विषय एकदा झालेल्याला ती फार उपयोगी, नव्याला भिंतीसारखी. सिलॅबसच्या शेवटी त्यांची नावं असतात म्हणून तीच पहिल्यांदा वाचली पाहिजेत असं नाही. ज्यांना आपण लोकल ऑथर म्हणतो त्या परीक्षेपुरत्या पुस्तकांबद्दलही माझ्या मनात राग नाही. सोडवलेली उदाहरणं तिथं भरपूर असतात. ती समोर ठेवून मोठं पुस्तक वाचावं. नुसत्या त्यांच्यावर विसंबलं तर मात्र 'का' या प्रश्नाचं उत्तर कधीच मिळत नाही आणि नोकरीच्या मुलाखतीत पहिल्याच मिनिटाला ते उघडं पडतं.

नव्या विषयाआधी मी मुलांना मराठीत एक वाचन करायला लावते. मराठी विश्वकोश आपल्या शेजारी साताऱ्यात, वाईला तयार झाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक होते आणि पहिला खंड १९७६ साली आला. आज तो इंटरनेटवर फुकट वाचता येतो. त्यात विज्ञान-तंत्रज्ञानाच्या नोंदी भरपूर आहेत. मोटारीला तिथं चलित्र म्हटलंय, थर्मोडायनामिक्सला ऊष्मागतिकी. शब्द सुरुवातीला जड वाटतात, पण शब्दातच अर्थ बसलेला असतो: ऊष्मा आणि तिची गती. पेपर त्यावर लिहायचा नाही. पण विषयाचा एकदा आराखडा डोक्यात बसला की इंग्रजी पुस्तकातलं प्रत्येक वाक्य परकं वाटत नाही. तंत्रशिक्षण परिषदेनं इंजिनिअरिंगची काही पाठ्यपुस्तकं मराठीतही काढली आहेत, ती ई-कुंभ पोर्टलवर मिळतात. पहिल्या वर्षाच्या गणिताची निखळलेली वीट बसवायला ती बरी पडतात. एनपीटीईएलची, म्हणजे आयआयटीवाल्यांची ऑनलाइन, व्याख्यानं चांगलीच आहेत, पण व्हिडिओ बघताना मान डोलते आणि पेन्सिल हलत नाही. रेघ पडल्यावर तेवढ्या रेघेपुरतं व्याख्यान शोधून बघा.

तरीही दोष उलटत असेल तर

एक वही करा. माझ्याकडं तिला सगळे 'रेघांची वही' म्हणतात. प्रत्येक रेघेला एक ओळ: पान, वाक्यातला नेमका शब्द, आणि सुटल्यावर कळलेलं कारण. शब्द, पायरी, मागचं गणित की पुस्तक. महिन्याभरानं ती वही चाळली की आपला नेहमीचा दोष दिसतो. माझ्या वहीत तीन-चतुर्थांश ओळींपुढं 'पायरी' आहे, म्हणून मी आता कुठलंही तांत्रिक पुस्तक कोऱ्या कागदाशिवाय उघडतच नाही. जतच्या त्या मुलाच्या वहीत सुरुवातीला सगळे 'शब्द'च होते. दिवाळीनंतर ते जवळजवळ दिसेनासे झाले आणि त्यांची जागा 'पायरी'नं घेतली. ते बघून मला मनापासून आनंद झाला, कारण पायरी अडणं म्हणजे तो आता खऱ्या विषयाशी झगडत होता.

वेगाची काळजी सोडा. सिद्धता असलेली तीन पानं एका तासात झाली तर तो चांगला वेग आहे. नोट्स वाचायची सवय असलेल्याला हे फार हळू वाटतं आणि तो स्वतःला मंद समजायला लागतो. नोट्समध्ये कुणीतरी आधीच चावून ठेवलेलं असतं, त्या वेगाशी तुलना करू नका.

आणि विचारा. पण 'तिसरं प्रकरण कळलं नाही' असं विचारू नका. डिग्रीला असताना मी एका सरांना असंच विचारलं होतं आणि उत्तर मिळालं, "हे डिप्लोमाला झालंय की तुमचं." वर्ग हसला आणि पुढं वर्षभर मी तोंड उघडलं नाही. ते उत्तर चुकीचं होतं असं मला आजही वाटतं. पण माझा प्रश्नही असा होता की त्याला धड उत्तर देणं कुणालाच शक्य नव्हतं. प्रश्न असा न्या: हे पान, हे वाक्य, इथपर्यंत मला कळलंय, हा शब्द या अर्थानं घेतला तर पुढची आकृती जुळत नाही. असा प्रश्न नेला तर बहुतेक शिक्षक हातातलं काम बाजूला ठेवतात.

परवा कवठेमहांकाळहून येणारी एक मुलगी असाच प्रश्न घेऊन आली. सिंगल फेज मोटारीचं प्रकरण. क्षेत्राचे उलट दिशांना फिरणारे दोन सारखे भाग मानायचे, आणि मोटार थांबलेली असताना दोघांचा टॉर्क सारखा आणि विरुद्ध. इथपर्यंत तिला बोलता येत होतं. रेघ पुढच्या वाक्यावर होती: रोटरला कुठल्याही एका दिशेला गती दिली की तो त्याच दिशेला वेग घेतो. "मॅडम, कुठल्याही म्हणजे? मोटारीला तर ठरलेली दिशा असती की."

मी विचारलं, घरी कधी छताच्या पंख्याचा कपॅसिटर गेलाय का?

ती दोन-चार सेकंद गप्प राहिली. मग म्हणाली, "उन्हाळ्यात गेला होता. नुसता घुंई करायचा. आजी काठीनं पातं ढकलायची, मग फिरायचा." आणि थोडं थांबून, "एकदा आजीनं उलटं ढकललं, तर उलटाच फिरत राहिला. वारं वर जायला लागलं."

तिनं पुस्तक जवळ ओढलं, ते वाक्य पुन्हा वाचलं, रेघेपुढं 'आजीचा पंखा' असं लिहिलं आणि पान उलटलं.